सेंद्रिय शेतीचं ट्रेनिंग रानात कसं घ्यायचं: कोल्हापूर भागात एक पूर्ण हंगाम, पायरी-पायरीनं

दर वर्षी पहिला वळीव पडला की फोन चालू होतात. कोण बीएस्सी ॲग्री झालेलं असतं, कोण पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं आलेलं, कोण बचत गटातल्या ताई. सगळ्यांचं म्हणणं एकच, सेंद्रिय शेतीत करिअर करायचंय, दोन-तीन कार्यशाळा झाल्यात, सर्टिफिकेटं आहेत, आता काम कुठं मिळेल. मी विचारतो, वाफसा (मातीत कामाला योग्य एवढीच ओल) हातानं ओळखता येतो का? भांगलण (खुरप्यानं तण काढणं) सलग किती दिवस केलीय? गांडूळखताचा बेड कधी वाया घालवलाय का? समोरून बहुतेक वेळा गप्पच. यात त्यांची चूक कमी आहे, त्यांना शिकवायचा क्रमच उलटा झालेला असतो. आधी अर्क आणि फवारणी, मग खत, माती शेवटी, आणि नोंदी तर कुणीच शिकवत नाही.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. एक रान धरा आणि पेरणीच्या आधीपासून माल विकून पैसे हातात येईपर्यंत तिथंच थांबा. पाच ठिकाणी तीन-तीन दिवस फिरून हे काम येत नाही.

१. आधी ठरवा, कुठल्या कामासाठी शिकताय

"सेंद्रिय शेतीत करिअर" हे एक काम नाही. स्वतःच्या रानात पिकवणं, दुसऱ्याच्या फार्मवर सुपरवायझर, शेतकरी उत्पादक कंपनीत फिल्ड ऑफिसर, प्रमाणीकरणाच्या गटात अंतर्गत निरीक्षक, नाहीतर गांडूळखत किंवा जैविक निविष्ठांचं (जिवाणू खतं, अर्क) युनिट. ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिलच्या यादीत 'ऑरगॅनिक ग्रोअर' म्हणून एक जॉब रोल पण आहे. पहिले तीन महिने सगळ्यांना सारखेच, त्यानंतर मात्र निरीक्षक व्हायचं असेल तर नोंदवहीला जास्त वेळ द्यावा लागतो, युनिट टाकायचं असेल तर खताच्या शेडमध्ये. हे पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याला सांगून टाका, नाहीतर तो तुम्हाला जिथं माणूस कमी आहे तिथं लावणार.

२. शिकायचं रान निवडणं

कोल्हापूर जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक कणेरीला सिद्धगिरी मठाचं आणि दुसरं तळसंदेला. शहरात कृषी महाविद्यालय आहे, प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. सुरुवातीची माहिती, माती परीक्षण, जिवाणू खतं, शंका विचारायला ही ठिकाणं चांगली, तिथल्या लहान कोर्सला जरूर जा. पण हात बसायचा तर कुणातरी चालत्या सेंद्रिय शेतकऱ्याच्या रानातच बसतो.

रान बघायला जाताना सकाळी सातला जा, अकराला नको. अकरा वाजता तुम्हाला नुसतं दाखवायचं रान दिसेल. आणि तुम्हाला पुढं जिथं काम करायचंय तसलंच रान निवडा. शिरोळची काळी, पाण्यानं क्षारपड झालेली जमीन वेगळी, आजरा-चंदगडची तांबडी, जास्त पावसाची, आम्लधर्मी जमीन वेगळी, कागल-करवीरचं उसाचं रान वेगळं. एका ठिकाणचं गणित दुसरीकडं जसंच्या तसं चालत नाही.

गेल्यावर हे बघा:
- गोठ्यात जनावरं किती आणि उकिरडा कुठं आहे. शेण विकत आणणाऱ्याकडं खताचं शिक्षण अर्धंच होतं.
- औषधाची खोली उघडायला सांगा. तणनाशकाचा डबा दिसला तर कुणाच्या रानासाठी ते सरळ विचारा.
- मागच्या वर्षीची नोंदवही मागा. नाही म्हणाला तर पिकवणं शिका तिथं, पण प्रमाणीकरण दुसरीकडं शिकावं लागेल.
- तुम्हाला स्वतःचा म्हणून तुकडा देणार का, दोन गुंठे तरी.

सावधान: राहणं, जेवण, हजेरी, सुट्टी हे सगळं आधीच बोलून घ्या. मी शिकायला होतो तेव्हा एका ठिकाणी चार महिने नुसती वैरण कापली आणि त्याला ट्रेनिंग म्हणत होते. कष्टाला ना नाही, पण रोजच्या कामातून शिकायला काय मिळणार हे ठरलेलं पाहिजे.

सामान थोडंच लागतं. स्वतःचं खुरपं (धार लावायला शिका), गमबूट, हातमोजे, बॅटरी, जाड पुठ्ठ्याची वही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. उसात घोणस असते, पाचटात (उसाच्या वाळलेल्या पाल्यात) हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं. भाताच्या चिखलात उतरताना पायाला जखम असेल तर त्या दिवशी दुसरं काम मागून घ्या, लेप्टो (जखमेतून शिरणाऱ्या जंतूंचा ताप) खरंच होतो.

३. एप्रिलमध्ये सुरू करा, जूनमध्ये नाही

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मृग ७ जूनच्या आसपास निघतो म्हणून लोक जूनमध्ये येतात, आणि तोवर निम्मं शिक्षण निघून गेलेलं असतं. मातीचा नमुना पेरणीआधी घ्यायचा असतो. जूनमध्ये रानात जाणारं खत मार्चपासून कुजत घातलेलं असतं. हुमणीचे (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे वळवाच्या पावसाबरोबर बाहेर पडतात. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावायचा तर त्याआधीचा ताग (हिरवळीच्या खताचं पीक) मेच्या शेवटी पेरून, ४५-५० दिवसांनी फुलावर आला की गाडायचा असतो. जूनला येणाऱ्याला यातलं काहीच हाताला लागत नाही, तो थेट पेरणीला उभा राहतो.

एप्रिलला या आणि निदान नोव्हेंबरपर्यंत थांबा. ऊस शिकायचा असेल तर तोडणीपर्यंत, म्हणजे आडसालीला दीड वर्ष.

४. पहिला महिना मातीचा

अ) नमुना. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी घ्या. एकरात नागमोडी चालत ८-१० जागा धरा, वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही सारखा खड्डा २० सेंमी काढा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडा. सगळी गोळा करून घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची, पाटाची माती घेऊ नका, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात भरू नका, रिपोर्टच चुकीचा येतो.

रिपोर्ट आला की तीन आकडे आधी बघा, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी. शिरोळकडं असाल तर क्षारता आधी वाचा, कारण निचरा सुधारल्याशिवाय तिथं जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं जिवाणूंचं मिश्रण) ओतून फरक पडत नाही.

ब) वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करा, कंबरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे, चपटा होऊन बसला तर अजून ओल जास्त आहे. हे रोज करा, पंधरा दिवस तरी, वेगवेगळ्या तुकड्यात. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला की वर्षभराची कुजवणी पाण्यात जाते, आणि हे चूक करून शिकण्यापेक्षा गोळा टाकून शिकलेलं बरं.

क) एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा काढून गांडुळं मोजा. आकडा तारखेसह वहीत. ऑक्टोबरमध्ये त्याच तुकड्यात परत मोजायचंय.

तपासा: महिना संपताना तुमच्या वहीत रानाचा हातानं काढलेला नकाशा पाहिजे. उतार कुठं, पाणी कुठून येतं, शेजारी कोण काय पीक घेतो, तो कुठं फवारतो. तुकड्याला नाव नसेल तर नंबर द्या, पुढच्या सगळ्या नोंदी त्या नंबरवर जाणार.

५. खतं आणि निविष्ठा, याच क्रमानं

लोकांना आधी जीवामृत शिकायचं असतं कारण ते दोन दिवसात होतं. पण जीवामृतात पिकाला पुरेल एवढं अन्न नसतं, ते जिवाणूंचं विरजण आहे. खाली दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? म्हणून आधी कुजलेलं खत आणि बायोमास, मग बाकीचं.

५.१ शेणखत आणि कंपोस्ट

उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे. एक ढीग स्वतः रचा: खाली जाड काड्या, त्यावर पाला-पाचट, त्यावर शेणकाला, थोडी जुनी माती, परत थर. ओल एवढीच की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आठवड्यात आत गरम झालं पाहिजे. लोखंडी सळई खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी काढून हात लावा, चटका बसला पाहिजे. नसेल तर ओल कमी आहे किंवा शेण कमी. गार पडला की ढीग पालथा करा. तीन-चार महिने, दोन-तीन पलट्या.

तयार झालं का कसं ओळखाल? शेणाचा वास जातो, पावसानंतरच्या मातीसारखा येतो, आतलं काड-पान ओळखू येत नाही. अजून शंका असेल तर कुंडीत तेच खत भरून मेथी टाका, चार दिवसात नीट उगवली तर खत कुजलंय.

सावधान: कच्चं शेण रानात म्हणजे हुमणीला आमंत्रण आणि तणाचं बी फुकट. आपल्याकडं नदीकाठच्या उसात हुमणी आधीच लई आहे. घाईनं जूनमध्ये अर्धकच्चं खत ओढू नका, त्यापेक्षा कमी टाका पण कुजलेलं टाका.

५.२ गांडूळखत

इथं नवशिक्यांच्या हातनं गांडुळं मरतात ती ताज्या शेणानं. ताजं शेण आत तापतं. १५-२० दिवसांचं, गार झालेलं शेण आणि अर्धवट कुजलेला पाला घ्या. बेड तीन फूट रुंद, दोन-अडीच फूट उंच, लांबी जागेप्रमाणं. सावली पाहिजेच, आणि आपल्या पावसात वरून छप्पर, बाजूनं चर पण पाहिजे, जुलैमध्ये बेडात पाणी शिरलं की गांडुळं निघून जातात. वर ओलं गोणपाट. मुंग्यांसाठी कडेनं पाण्याची नाली, कोंबड्यांसाठी जाळी. दीड-दोन महिन्यात वरचा थर चहा पावडरसारखा दिसायला लागतो. काढायच्या दोन-तीन दिवस आधी पाणी बंद करा, खताचे उन्हात छोटे ढीग करा, गांडुळं खाली जातात, वरचं खत हातानं काढून घ्या. फावडं लावू नका.

५.३ जीवामृत

एका एकराला: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. प्लॅस्टिकचा ड्रम, सावलीत. तोंडावर गोणपाट बांधा, घट्ट झाकण लावू नका कारण आत गॅस होतो. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा, ४८ तासांनंतर वापरायला घ्या, सात दिवसांच्या आत संपवा.

गूळ आपल्याकडं मुबलक पण बघून घ्या. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) मारलेला गूळ यात नको, गुऱ्हाळावरून काळसर, बिनरसायनाचा आणा, तो स्वस्त पण पडतो. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. आणि कोरड्या मातीत, दुपारच्या उन्हात ओतू नका, जिवाणू तिथंच मरतात. ओल असताना, उन्हं कलल्यावर.

५.४ बीजप्रक्रिया

इथं क्रम चुकला तर सगळं वाया. आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), किलोला ४-५ ग्रॅम. मग जिवाणू खत, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, पाकिटाची तारीख बघून. सोयाबीनचं रायझोबियम वेगळं, भुईमुगाचं वेगळं, मिळेल ते पाकीट उचलू नका. सोयाबीनची साल पातळ असते, गोणपाटावर हलक्या हातानं घोळा, चोळू नका. सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.

त्याआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा, सोयाबीनचे ७० तरी उगवले पाहिजेत. घरचं बी असेल तर हे चुकवू नका.

उसाला ॲसिटोबॅक्टर, म्हणजे हवेतलं नत्र पिकाला देणारं जिवाणू खत. हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात, टिपऱ्या अर्धा तास बुडवायच्या आणि लगेच लावायच्या.

सावधान: दुकानातलं गुलाबी-निळं रंगवलेलं बी म्हणजे रासायनिक बुरशीनाशक लावलेलं. धुऊन चालत नाही. प्रमाणित रानात ते पेरलं तर सगळी मेहनत अडचणीत येते.

५.५ अर्क, सगळ्यात शेवटी

५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी कापडानं गाळा, १०० लिटर करा, साधारण २०० ग्रॅम साधा साबण विरघळवून घाला. त्याच दिवशी, दुपारी चारनंतर मारा, कडक उन्हात त्याचा गुण टिकत नाही. दशपर्णीला (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) महिनाभर लागतो, म्हणून कीड दिसल्यावर करायला घेऊन उपयोग नाही.

सावधान: दशपर्णीत कण्हेर, धोतरा, रुई असतात. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, ड्रम पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

आणि पंप. भाड्याचा किंवा शेजाऱ्याचा पंप कधीच घेऊ नका. त्यात तणनाशक राहिलेलं असतं, दोनदा धुतला तरी राहतं. हेच पेरणी यंत्राचं, खताच्या पेटीत मागच्या माणसाचं डीएपी असतं. पेटी उघडून, झाडून, फोटो काढून मग रानात घ्या.

६. स्वतःचा तुकडा

जूनपासून तुमचे दोन ते पाच गुंठे. सोयाबीन किंवा भुईमूग एक ओळ, मधे मका, कडेनं भाजी, असं काहीतरी साधं. पहिल्याच वर्षी वीस पिकं लावू नका, एकाचीही नोंद नीट राहत नाही. पेरणी ७५-१०० मिमी पाऊस झाल्यावर, पहिल्या सरीला नाही.

सेंद्रिय रान जातं ते बहुतेक तणानं, किडीनं कमी. पेरल्यानंतर १५-२० दिवसांनी पहिली कोळपणी (ओळींमधनं कोळपं फिरवून तण काढणं), मागोमाग भांगलण, आणि पाऊस लागून राहिला तर उघडीप मिळाली त्या दिवशी बाकी सगळी कामं सोडून भांगलण. चार दिवस पुढं ढकललं की बायका दुप्पट लागतात. दोन गुंठ्यांची भांगलण एकट्यानं करून किती तास लागले ते लिहून ठेवा, पुढं एकराचा खर्च काढायला हाच आकडा कामाला येतो, पुस्तकातला नाही. आणि भांगलायला येणाऱ्या मावश्यांच्या ओळीत बसून करा. तण लहान असताना ओळखणं त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

हुमणी: वळवानंतर संध्याकाळी सात ते साडेआठ, बांधावरच्या कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे येतात. फांद्या हलवा, खाली पडलेले गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाका, ते पाणी रानात ओतू नका. एकट्यानं करून भागत नाही, आजूबाजूच्या चार-पाच जणांना बरोबर घ्यायला शिका, फिल्ड ऑफिसरचं निम्मं काम तेच आहे. मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) कुजलेल्या खतात मिसळून ओल असताना द्यायचं, कोरड्या मातीत ती बुरशी वाढत नाही.

खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटणारा ऊस) ठेवणाऱ्या रानात असाल तर पाचट शिका. पेटवायचं नाही. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत ओढा, बुडख्यावर ठेवू नका, फुटवा दबतो. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाचट कुजवायची जी नेहमीची शिफारस आहे त्यात टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट असतं. सेंद्रिय रानात युरिया चालत नाही. कुजवणारं जिवाणू खत टनाला एक किलो आणि भरपूर शेणकाला, आणि वेळ थोडा जास्त धरा. शिकलेली पोरं इथंच चुकतात, पत्रक वाचून तसंच्या तसं करतात.

तपासा: ऑगस्टमध्ये शेजारच्या उसात तणनाशक मारल्यावर तुमच्या कडेच्या ओळीची पानं वाकडी झालीत का बघा. झाली असतील तर फोटो, तारीख, किती ओळी ते लिहा, त्या ओळींचा माल वेगळा काढा. पुढच्या वर्षी तिथं शेवरी किंवा गजराज गवताची पट्टी. शेजाऱ्याशी भांडू नका, फवारायच्या आदल्या दिवशी फोन करा एवढंच मागा. बहुतेक करतात. आणि पूरपट्ट्यात असाल, २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आलं, तर कुठल्या तुकड्यात कुठवर चढलं तेही वहीत पाहिजे.

७. नोंदी आणि प्रमाणीकरण

दोन रस्ते आहेत. निर्यात करायची तर एनपीओपी, म्हणजे अपेडाची (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था) पद्धत, बाहेरची प्रमाणीकरण संस्था येऊन तपासते. हंगामी पिकांना सेंद्रिय म्हणायच्या आधी दोन वर्षं रूपांतराचा काळ, बहुवर्षायू पिकांना तीन. इथल्याच बाजारासाठी पीजीएस-इंडिया, यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची रानं तपासतो, रूपांतर चालू असताना 'ग्रीन', नंतर 'ऑरगॅनिक'. शक्य असेल तर गटाच्या एका तपासणीला वही घेऊन मागं मागं फिरा. आठ दिवसांच्या क्लासपेक्षा जास्त कळतं.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं: तारीख, तुकडा नंबर, काम, काय टाकलं, किती, कुठून आणलं, किती माणसं. बिलं चिकटवा. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेली वही लगेच ओळखू येते, सगळीकडं एकच पेन, एकच अक्षर, पावसाच्या दिवशी पण फवारणी.

आणि बोलताना-लिहिताना काळजी घ्या. प्रमाणपत्र नसताना पाकिटावर सेंद्रियाचा सरकारी लोगो लावता येत नाही. छोट्या शेतकऱ्याला थेट गिऱ्हाईकाला विकायची मुभा आहे, लोगोची नाही.

८. विक्री शिकल्याशिवाय निघू नका

ऑक्टोबर-नोव्हेंबरात माल निघाला की बहुतेक ट्रेनी घरी जातात. थांबा. वाळवणं, चाळणं, प्रतवारी, वजन घट, पोत्यावर तुकड्याचा नंबर, हे सगळं करा. एखाद्या सकाळी भाजी घेऊन कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मार्केटला जाऊन बसा, तिथल्या बायका भाव कसा विचारतात, काय हातात घेऊन बघतात ते बघा. गुळाच्या सौद्याला एकदा उभं राहा. मग तुमच्या दोन गुंठ्यांचा हिशोब काढा, बियाणं, खत (घरचं असलं तरी किंमत धरा), स्वतःचे तास मजुरीच्या दरानं, वाहतूक, आणि आलेले पैसे. तोटा आला तर तसाच लिहा.

काम मागायला जाताना सर्टिफिकेटाच्या फाईलवर ही वही ठेवा. त्यात मातीचा रिपोर्ट, नकाशा, एप्रिलची आणि ऑक्टोबरची गांडुळांची मोजणी, भांगलणीचे तास, फसलेला एखादा बेड आणि तो का फसला, आणि शेवटचा हिशोब एवढं असलं तर समोरचा माणूस प्रश्न विचारायला लागतो. त्याचं पहिलं बोट बहुतेक वेळा फसलेल्या बेडवरच जातं, म्हणून ते पान फाडू नका.